सेटिंगचा आकडा कसा वाचावा

विजेवर चालणाऱ्या आणि प्रोग्रॅम करता येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला काम सुरू करण्याआधी काही गोष्टी सांगून ठेवाव्या लागतात: घड्याळाचा ठोका त्याने आतून घ्यावा की बाहेरून, पुरवठ्याचा दाब किती खाली गेला म्हणजे काम थांबवावे, एकाच तारेवर अनेक उपकरणे असतील तर कोणत्या पत्त्यावर आलेला संदेश आपला मानावा, चालू होताच कोणत्या जागेवरचा प्रोग्रॅम आधी उचलावा. यांतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच असतात, आणि ज्यांची तशी नसतात त्यांची ‘चारांपैकी कोणते’ किंवा ‘सोळांपैकी कोणते’ अशी असल्यामुळे तीही दोन किंवा चार ‘हो-नाही’ शेजारी ठेवून देता येतात. एका ‘हो-नाही’ला लागणाऱ्या जागेला बिट म्हणतात, आठ बिटांच्या गटाला बाइट म्हणतात, आणि उपकरणाच्या आत ज्या ठरलेल्या जागी असे बिट ठेवलेले असतात व ज्यांच्यावरून त्याचे वागणे ठरते त्या जागेला रजिस्टर म्हणतात. ही सगळी उत्तरे एकत्र बांधून, एका छोट्या आकड्याच्या रूपाने उपकरणाच्या हवाली करण्याची रीत हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

हा आकडा दिसायला संख्येसारखा असला तरी त्याच्याकडे संख्या म्हणून पाहणे हेच बहुतेक गोंधळांचे मूळ आहे. एखाद्या चिपच्या सेटिंगचा आकडा दुसऱ्या चिपच्या आकड्यापेक्षा मोठा आहे या विधानाला काहीही अर्थ नसतो. त्यात एक मिळवल्याने उपकरण ‘थोडे अधिक’ काही करीत नाही, उलट कधी कधी त्याचे सारे वागणे पालटते. प्रत्येक बिटाचा अर्थ उत्पादकाने ठरवून दिलेला असतो, शेजारच्या बिटाशी त्याचा संबंध असेलच असे नाही, आणि आठ निरनिराळे निर्णय केवळ एका बाइटमध्ये मावतात म्हणून एकत्र आलेले असतात. म्हणून असा आकडा जेव्हा कोठून तरी उतरवून घेतला जातो तेव्हा त्याबरोबर आठही निर्णय उतरवले जातात, ज्यांची गरज होती तेही आणि ज्यांचा विचारही केला नव्हता तेही. आकडा लिहिण्यापूर्वी तो बिटांत उलगडून वाचला पाहिजे, हे या पुस्तकाचे एकमेव आग्रहाचे सांगणे आहे आणि पुढची सगळी प्रकरणे त्याच्याच सरावासाठी आहेत.

उलगडण्यासाठी द्विमान पद्धती, म्हणजे फक्त ० आणि १ हे दोनच अंक वापरणारी पद्धती, समजली पाहिजे. दशमान पद्धतीत उजवीकडून डावीकडे जाताना स्थानांची किंमत एक, दहा, शंभर अशी दहापटीने वाढते. द्विमान पद्धतीत ती एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस अशी दुपटीने वाढते. बिटांना क्रमांक देताना मात्र सुरुवात शून्यापासून होते, त्यामुळे सर्वांत उजवीकडचा बिट हा शून्यावा आणि बाइटमधला सर्वांत डावीकडचा बिट सातवा. ही मोजणी नवशिक्याला खटकते, पण तिच्यामागे सरळ कारण आहे: बिटाचा क्रमांक हाच दोनाचा घात असतो, आणि दोनाचा शून्यावा घात एक असल्यामुळे पहिल्या स्थानाला शून्याखेरीज दुसरा क्रमांक शोभत नाही.

मराठी वाचकाला या मांडणीची एक फार जुनी ओळख आहे, जरी ती त्याला गणिताच्या नव्हे तर कवितेच्या तासाला झालेली असते. लघू आणि गुरू ही दोन प्रकारची अक्षरे तीन जागांवर जितक्या प्रकारे मांडता येतील तितके अक्षरगण होतात, आणि दोनाचा तिसरा घात आठ असल्यामुळे गण आठच आहेत, नववा संभवत नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रात अशा सर्व मांडण्या ओळीने लिहिण्याच्या क्रियेला प्रस्तार म्हटले आहे. त्याच परंपरेत आणखी दोन क्रिया येतात: मांडणी दिली असता प्रस्तारातला तिचा क्रमांक काढणे हे उद्दिष्ट, आणि क्रमांक दिला असता पुसली गेलेली मांडणी पुन्हा उभी करणे हे नष्ट. नष्टाची कृती अशी की क्रमांक सम असेल तर लघू लिहून त्याचे अर्धे करावे, विषम असेल तर गुरू लिहून त्यात एक मिळवावा आणि मग अर्धे करावे, व जागा भरेपर्यंत हेच करीत राहावे. तीन जागांसाठी सहावी मांडणी हवी असेल तर सहा सम म्हणून लघू, उरले तीन. तीन विषम म्हणून गुरू, चाराचे अर्धे दोन. दोन सम म्हणून पुन्हा लघू. म्हणजे लघू-गुरू-लघू, अर्थात ज गण. आजचा विद्यार्थी दशमान संख्येचे द्विमान रूप काढताना दोनाने भागत जाऊन बाकी लिहीत जातो, ती कृती मूलतः हीच आहे. प्रस्तारातली मोजणी शून्याऐवजी एकापासून सुरू होते, म्हणून तेवढा एक मिळवण्याचा फेर पडतो. पिंगलाने संगणकाची कल्पना केली होती असा दावा करण्याचे कारण नाही आणि तसा दावा त्याच्या मूळ कामगिरीवरच अन्याय करतो. दोन पर्यायांच्या सर्व मांडण्या एकही न सुटता, एकही न दुणावता मोजण्याची शिस्त त्या शास्त्रात होती, एवढे म्हणणे पुरेसे आणि खरे आहे.

युरोपात लायब्निट्सने १७०३ साली द्विमान अंकगणितावर निबंध लिहिला, तरी विजेच्या मंडलांशी या पद्धतीची गाठ घट्ट बांधली गेली ती क्लॉड शॅननच्या १९३७ च्या प्रबंधात, ज्यात रिले आणि स्विच यांची मंडले बूलच्या तर्कगणिताने लिहिता येतात हे त्याने दाखवले. स्विच मिटलेला असणे व उघडा असणे, विधान सत्य असणे व असत्य असणे, आणि अंक १ असणे व ० असणे, या तीन जोड्या तेव्हापासून एकाच भाषेत बोलता येऊ लागल्या.

द्विमान पद्धती यंत्राला सोयीची असली तरी माणसाच्या डोळ्याला ती फार दमवते. आठ अंकांच्या रांगेत तिसरा शून्य आहे की चौथा, हे दोन वेळा पाहूनही चुकते, आणि सोळा अंकांच्या रांगेत तर नक्कीच चुकते. यावर उपाय म्हणून बिटांचे चार-चारांचे गट पाडून प्रत्येक गटाला एकच चिन्ह देण्याची प्रथा पडली. चार बिटांच्या गटाला निबल म्हणतात. त्याच्या सोळा मांडण्या होतात, म्हणून सोळा चिन्हे लागतात: शून्य ते नऊ हे अंक आणि त्यापुढे दहा ते पंधरा या किमतींसाठी ए, बी, सी, डी, ई आणि एफ ही अक्षरे. ही षोडशमान पद्धती, जिला व्यवहारात सर्वजण हेक्स म्हणतात. प्रोग्रॅममध्ये अशा आकड्याच्या आधी शून्य आणि एक्स लिहिण्याची पद्धत रूढ आहे; या पुस्तकात वाचनाच्या सोयीसाठी आकड्यापूर्वी ‘हेक्स’ हा शब्द लिहिला आहे.

दशमान आकडे सर्वांना येत असताना ही आणखी एक पद्धत कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, आणि त्याला ‘तशी प्रथा आहे’ असे उत्तर देणे योग्य नाही. हेक्स ६२ म्हणजे ०११० ००१०, आणि हेक्स ई२ म्हणजे १११० ००१०. दोहोंत फरक आहे तो फक्त सर्वांत डावीकडच्या बिटाचा, आणि हेक्समध्ये तो दिसतोही तसाच: उजवीकडचा २ जागेवर आहे, डावीकडच्या सहाचा ई झाला आहे. हेच दोन आकडे दशमान पद्धतीत लिहिले तर ९८ आणि २२६ होतात. ९८ आणि २२६ यांच्याकडे पाहून त्यांच्यात सात बिट समान आहेत असे कोणालाही सुचणार नाही, कारण दहा हा दोनाचा घात नसल्यामुळे दशमानातला प्रत्येक अंक अनेक बिटांमध्ये मिसळून गेलेला असतो. सोळा हा दोनाचा चौथा घात आहे, म्हणून हेक्सचा प्रत्येक अंक नेमक्या चार बिटांचा मालक असतो आणि शेजाऱ्याच्या बिटांना हात लावत नाही. याच न्यायाने तीन बिटांचा एक अंक करणारी अष्टमान पद्धतीही वापरात होती आणि आजही युनिक्स प्रणालीच्या फाइल-परवानग्यांत ती टिकून आहे. वाचणे, लिहिणे आणि चालवणे हे तीन अधिकार, मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग, म्हणून ७५५ सारखा आकडा, ज्यात सातचे १११ आणि पाचाचे १०१ सरळ वाचता येते. मात्र आठ बिटांचे तीन-तीनांचे समान गट पडत नाहीत. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या यंत्रमालिकेने आठ बिटांचा बाइट आणि त्याबरोबर हेक्सची लेखनपद्धती सर्वत्र नेली, आणि त्यानंतर अष्टमान हळूहळू मागे पडली.

पडद्यावर आकडा लिहिण्याची सोय नसलेल्या उपकरणांत हेच काम हाताने करायचे असते. सर्किटवर बसवलेली, नखाने किंवा बारीक स्क्रूड्रायव्हरने खालीवर होणारी चिमुकल्या स्विचांची रांग, जिला डिप स्विच म्हणतात, ती म्हणजे डोळ्यांना दिसणारे आणि बोटांना लागणारे रजिस्टरच आहे. द्विमान पद्धती शिकवण्यासाठी त्यापेक्षा चांगले साधन सापडणे कठीण आहे. रंगमंचावरच्या दिव्यांना आज्ञा देणारी डीएमएक्स५१२ ही पद्धत १९८६ मध्ये अमेरिकेत ठरवली गेली आणि ती आता जगभरच्या नाट्यगृहांत वापरली जाते. एका तारेवर ५१२ वाहिन्या, प्रत्येक वाहिनीवर शून्य ते २५५ मधली एक किंमत, आणि प्रत्येक दिव्याने कोणत्या वाहिनीपासून ऐकायला सुरुवात करावी हे, डिप स्विच असलेल्या दिव्यांत, त्याच्या मागच्या नऊ स्विचांवरून ठरते. दिव्याचा पत्ता ३७ ठेवायचा असेल तर ३७ म्हणजे बत्तीस, चार आणि एक, म्हणून सहावा, तिसरा आणि पहिला स्विच वर करायचा. तो दिवा सहा वाहिन्या घेणारा असेल तर ३७ ते ४२ त्याच्या झाल्या, पुढच्या दिव्याला ४३ द्यायला हवा, म्हणजे बत्तीस, आठ, दोन आणि एक. सहावा, चौथा, दुसरा आणि पहिला.

इथे एक अडचण उभी राहते. कागदावर ३७ चे नऊ अंकी द्विमान रूप ०००१००१०१ असे लिहिले जाते आणि त्यात एकाची किंमत असलेले स्थान सर्वांत उजवीकडे असते; डिप स्विचावर मात्र पहिला स्विच सहसा सर्वांत डावीकडे असतो आणि एकाची किंमत त्याचीच असते. कागदावरची रांग जशीच्या तशी डावीकडून स्विचांवर उतरवली तर चौथा, सातवा आणि नववा स्विच वर जाईल, आणि दिवा ३७ ऐवजी आठ अधिक चौसष्ट अधिक दोनशे छप्पन्न म्हणजे ३२८ व्या वाहिनीची वाट पाहत अंधारात राहील. प्रस्तारातही पहिले, म्हणजे डावीकडचे, स्थान सर्वांत वेगाने पालटते. त्यामुळे डिप स्विचाची दिशा अंकलेखनापेक्षा छंदःशास्त्राशी अधिक जुळते, हे लक्षात आले की ती उलटी वाटेनाशी होते. दुसरी अडचण स्विचावरच्या ‘ऑन’ या शब्दाची आहे. अनेक मंडलांत बिटाची तार एका रोधामार्फत पुरवठ्याला बांधलेली असते आणि स्विच मिटला की ती जमिनीशी जोडली जाते. म्हणजे ‘ऑन’ केल्यावर विद्युतदृष्ट्या शून्य वाचले जाते. उत्पादकाने ते आतल्या प्रोग्रॅममध्ये उलटवून घेतलेले असू शकते किंवा नसूही शकते. म्हणून ‘ऑन’ म्हणजे १ हे गृहीत न धरता माहितीपत्रकातला तक्ता पाहणे हाच मार्ग आहे.

या विषयाचे सर्वांत बोधप्रद, आणि काळजीपूर्वक न हाताळल्यास सर्वांत महागात पडणारे, उदाहरण म्हणजे एव्हीआर कुळातल्या मायक्रोकंट्रोलरचे फ्यूज बिट. नॉर्वेतल्या ट्रोंडहाइम येथील तंत्रशिक्षण संस्थेत आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या विद्यार्थ्यांनी या कुळाची रचना आखली, अॅटमेल या कंपनीने १९९६ पासून त्याच्या चिपा बाजारात आणल्या, आणि २०१६ मध्ये ती कंपनी मायक्रोचिपने घेतली. यांतली एटीमेगा३२८पी ही चिप आर्डुइनो उनो या पाटीमुळे भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपासून शाळांतल्या प्रयोगशाळांपर्यंत पोचली आहे, म्हणून या पुस्तकाने तिलाच मुख्य आधार मानले आहे. तिच्यात तीन बाइट केवळ सेटिंगसाठी राखलेले आहेत: खालचा, वरचा आणि विस्तारित. चिप कारखान्यातून निघते तेव्हा त्यांत अनुक्रमे हेक्स ६२, हेक्स डी९ आणि हेक्स एफएफ असते. फ्यूज हे नाव एकेकाळी खरोखर जाळून तोडल्या जाणाऱ्या सूक्ष्म तारांवरून आले आहे. या चिपांतले फ्यूज पुन्हा पुन्हा लिहिता येतात, आणि प्रोग्रॅमची स्मृती पुसली तरी ते पुसले जात नाहीत.

खालच्या बाइटचा ६२ उलगडला की ०११० ००१० मिळते. सातवा बिट घड्याळाला आठाने भागायचे की नाही हे ठरवतो, सहावा घड्याळाचा ठोका एका पायावर बाहेर काढायचा की नाही हे, पाचवा व चौथा मिळून चालू होताना किती थांबायचे हे, आणि उरलेले चार बिट घड्याळ कोठून घ्यायचे हे. इथे वाचकाला थांबवणारी गोष्ट अशी की या फ्यूजमध्ये ० म्हणजे ‘लागू’ आणि १ म्हणजे ‘लागू नाही’. ही उत्पादकाची लहर नाही: या प्रकारच्या स्मृतीचा पुसलेला कण १ वाचला जातो आणि त्यावर लिहिणे म्हणजे त्याला ० वर आणणे, म्हणून कोरी स्मृती सगळीकडे १ दाखवते आणि ज्याला हात लावला तो बिट ०. तेव्हा सातव्या बिटातल्या शून्याचा अर्थ ‘आठाने भागा’ असा होतो, शेवटच्या ००१० चा अर्थ ‘आतले आठ मेगाहर्ट्झचे घड्याळ’ असा होतो, आणि कारखान्यातून आलेली चिप एक मेगाहर्ट्झने का चालते याचा उलगडा होतो. तिला पूर्ण आठ मेगाहर्ट्झने चालवायचे तर सातवा बिट १ करायचा, बाकी काही नाही: हेक्स ई२. ज्याला हे माहीत नसते तो प्रोग्रॅममधले सगळे विलंब आठपट का होतात याचा शोध प्रोग्रॅमच्या ओळींत घेत बसतो, आणि तिथे दोष नसल्यामुळे तो सापडत नाही.

आता ई२ च्या जागी चुकून ई० लिहिले गेले असे धरू. फरक पुन्हा एकाच बिटाचा, पण शेवटचे चार बिट आता ०००० झाले, आणि त्यांचा अर्थ ‘घड्याळ बाहेरून पुरवले जाईल’ असा आहे. चिपला बाहेरून ठोका देणारे काही जोडलेलेच नसल्यामुळे ती पुढच्या क्षणापासून निश्चल होते, आणि ठोक्याशिवाय ती प्रोग्रॅमरशीही, म्हणजे चिपमध्ये फ्यूज व प्रोग्रॅम लिहिणाऱ्या उपकरणाशीही, बोलू शकत नसल्यामुळे फ्यूज पुन्हा बदलण्याची वाटही बंद झाल्यासारखी दिसते. अशा चिपा मेल्या म्हणून टाकून दिल्या जातात, आणि हे थांबावे ही या पुस्तकाची मनापासूनची इच्छा आहे, कारण चिप मेलेली नसते: तिच्या क्रिस्टलच्या पायावर दुसऱ्या एखाद्या मंडलातून नियमित ठोके दिले की ती जागी होते आणि बिट परत जागेवर आणता येतो. वरच्या बाइटमधला सातवा बिट त्याहून कडक आहे. डी९ म्हणजे ११०१ १००१. यातला पहिला १ पुसून ० केला, म्हणजे हेक्स ५९ लिहिले, तर रीसेटचा पाय सामान्य पाय म्हणून वापरता येतो, पण नेहमीचा प्रोग्रॅमर त्याच पायाच्या आधारे चिपमध्ये शिरत असल्यामुळे तो कायमचा बाहेर राहतो, आणि मग त्या पायावर १२ व्होल्ट देणारा खास प्रोग्रॅमर शोधावा लागतो. एक पाय जास्त मिळावा म्हणून केलेला हा बदल क्वचितच त्या किमतीचा ठरतो.

आर्डुइनो उनोवरच्या चिपमध्ये हेच बाइट एफएफ, डीई आणि एफडी असे ठेवलेले असतात, आणि ते उलगडले की त्या पाटीची सगळी कल्पना डोळ्यांसमोर येते. एफएफमुळे बाहेरचा सोळा मेगाहर्ट्झचा, क्रिस्टलसारखेच काम करणारा रेझोनेटर वापरला जातो आणि भागाकार होत नाही; डीई म्हणजे ११०१ १११०, ज्यातले शेवटचे शून्य सांगते की रीसेटनंतर आधी बूटलोडर चालवावा, म्हणजे यूएसबीच्या तारेने आलेला नवा प्रोग्रॅम स्मृतीत उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम, आणि त्याच्या डावीकडचे दोन एक सांगतात की त्याच्यासाठी ५१२ बाइट जागा राखावी; एफडीचे शेवटचे तीन बिट, १०१, पुरवठा २.७ व्होल्टखाली गेला की चिपने थांबावे असे ठरवतात. हाच विस्तारित बाइट काही ठिकाणी एफडी तर काही ठिकाणी ०५ असा छापलेला आढळतो आणि वाचक संभ्रमात पडतो. एफडी म्हणजे ११११ ११०१, ०५ म्हणजे ०००० ०१०१. शेवटचे तीन बिट दोन्हींत सारखे आहेत, आणि वरच्या पाच बिटांना या चिपमध्ये कामच नाही. म्हणून दोन्हींचा परिणाम एकच होतो, फक्त ०५ लिहून परत वाचल्यावर एफडी दिसू शकतो, कारण रिकाम्या जागा १ दाखवतात. दशमानात २५३ आणि ५ असे लिहिले असते तर हे दोन आकडे एकच सेटिंग आहेत हे पटवून देणे किती अवघड गेले असते, याचा विचार करावा.

फ्यूज क्वचित लिहावे लागतात. चालू प्रोग्रॅममधली रजिस्टरे मात्र क्षणोक्षणी लिहिली जातात, आणि तिथे वेगळ्या प्रकारची दक्षता लागते. महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनांत अणुविद्युत शाखेच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या ८०८५ च्या किटवर हेक्सची कळपाटी दाबत आणि नंतर ८०५१ वर प्रोग्रॅम लिहीत शिकल्या आहेत. इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या या ८०५१ मध्ये मालिका-संदेशाचा वेग ९६०० ठेवण्यासाठी तीन आकडे पाठ करवले जातात: टीमॉड या रजिस्टरमध्ये हेक्स २०, एसकॉनमध्ये हेक्स ५० आणि टीएच१ मध्ये हेक्स एफडी. पाठ केलेले हे आकडे परीक्षेत उपयोगी पडतात, पण क्रिस्टल बदलला की निरुपयोगी होतात. ११.०५९२ मेगाहर्ट्झला बाराने भागले की ९,२१,६०० येतात, त्यांना बत्तीसने भागले की २८,८००, आणि त्यांना तीनने भागले की नेमके ९,६००. टायमर २५६ पर्यंत चढत मोजतो म्हणून तीन ठोके हवे असतील तर सुरुवात २५३ पासून, आणि २५३ म्हणजे हेक्स एफडी. एवढा ओळखीचा नसलेला क्रिस्टल ८०५१ च्या पाटीवर का बसवतात याचे उत्तरही याच भागाकारात आहे: बारा मेगाहर्ट्झ घेतले तर तो नि:शेष जात नाही. हा एफडी एक खरीखुरी संख्या आहे, तर फ्यूजमधला एफडी ही निवडींची रांग होती. आकडा एकच असून रजिस्टर बदलले की तो वाचण्याची पद्धतही बदलते.

टीमॉडमध्ये हेक्स २० लिहिण्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. त्या रजिस्टरचे वरचे चार बिट टायमर १ चे आणि खालचे चार टायमर ० चे आहेत. सरळ २० लिहिले की टायमर ० चे चारही बिट शून्य होतात, आणि प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाने त्या टायमरला काही काम दिलेले असेल तर ते मुकाट्याने मोडते. म्हणून आधी रजिस्टर वाचावे, ज्या बिटांना हात लावायचा नाही ते जपावेत, जे बदलायचे तेवढेच बदलावेत आणि मग परत लिहावे. यासाठी जो मदतनीस आकडा वापरतात त्याला मास्क म्हणतात. हेक्स ०एफ या मास्कशी ‘अँड’ क्रिया केली की खालचे चार बिट जसेच्या तसे राहतात आणि वरचे चार शून्य होतात, कारण ‘अँड’मध्ये १ शी जुळलेला बिट टिकतो आणि ० शी जुळलेला विझतो. त्यानंतर हेक्स २० शी ‘ऑर’ केले की फक्त पाचवा बिट १ होतो आणि बाकीचे हलत नाहीत. एखादा बिट जो असेल त्याच्या उलट करायचा तर ‘एक्स-ऑर’. या तीन क्रियांवर एक पूर्ण प्रकरण खर्च केले आहे, आणि तेवढी जागा त्यांना द्यायलाच हवी होती, कारण आपल्या बिटापुरते पाहून इतरांच्या बिटांना धक्का न लावणे हे या कामातले खरे कौशल्य आहे.

नेटवर्कच्या क्षेत्रात सिस्कोच्या राउटरमधले सोळा बिटांचे कॉन्फिगरेशन रजिस्टर याच रीतीने चालते. त्याची नेहमीची किंमत हेक्स २१०२. पासवर्ड हरवला तर ती २१४२ करायला सांगतात. दोन्हींतला फरक हेक्स ४०, म्हणजे सहावा बिट, आणि त्याचा अर्थ ‘चालू होताना साठवलेली सेटिंग वाचू नये’. पासवर्ड त्या सेटिंगमध्येच असल्यामुळे राउटर विनाअडथळा उघडतो. पण काम झाल्यावर तो बिट परत शून्य केला नाही तर पुढच्या वेळी वीज जाऊन आली की राउटर कोऱ्या अवस्थेत उठतो, आणि सेटिंग साठवलेली असूनही ती का दिसत नाही हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

माहितीपत्रकांत काही बिटांसमोर ‘राखीव’ असे लिहिलेले असते. त्यांचा अर्थ उत्पादकाने सांगितलेला नसतो, पण पुढच्या आवृत्तीत तो असू शकतो, म्हणून ते जसे वाचले तसेच परत लिहावेत किंवा पत्रकात दिलेल्या किमतीला ठेवावेत, हा नियम मास्कच्या नियमाचाच विस्तार आहे. तसेच प्रोग्रॅममध्ये नुसता आकडा लिहिण्यापेक्षा बिटांची नावे जोडून तो तयार करावा आणि शेजारी प्रत्येक निर्णयाचे कारण लिहावे, अशी शिफारस या पुस्तकात वारंवार आढळेल. दोन वर्षांनी तो प्रोग्रॅम उघडणाऱ्या माणसाला, मग तो मूळ लिहिणारा का असेना, नुसत्या डीईवरून बूटलोडरची जागा आठवणार नाही.

पुस्तकाची व्याप्ती जाणीवपूर्वक आठ आणि सोळा बिटांपुरती ठेवली आहे. बत्तीस बिटांच्या आजच्या प्रोसेसरांत रजिस्टरांची संख्या शेकड्यांत जाते, त्यांतली बहुतेक उत्पादकाच्या तयार प्रोग्रॅमांच्या आड झाकलेली असतात, आणि अनेक बाइटांच्या आकड्यात मोठा बाइट आधी ठेवायचा की लहान, हा वेगळाच प्रश्न तिथे येतो, ज्याला शेवटच्या परिशिष्टात थोडी जागा दिली आहे. वाचकाकडून अपेक्षा एवढीच की त्याने प्रत्येक प्रकरणाबरोबर संबंधित चिपचे माहितीपत्रक उघडे ठेवावे, मजकुरात आलेला प्रत्येक हेक्स आकडा वहीत चार-चार बिटांच्या गटांत लिहून काढावा, प्रत्येक बिटाखाली त्याचे नाव लिहावे, आणि ते झाल्यावरच प्रोग्रॅमरची तार जोडावी.